मुखपृष्ठ कापू नका : पियानोची दुर्मिळ नोटेशनं जमवणाऱ्यांचा धागा

जुनीवही

पियानोची जुनी, सहजी न मिळणारी नोटेशनं जमवायला लागून मला बरीच वर्षं झाली. सुरुवात झेरॉक्सच्या गठ्ठ्यांपासून झाली, आता सगळा संसार हार्ड डिस्कवर आहे. इथे माझ्यासारखे आणखी काही जण आहेत हे ठाऊक आहे, म्हणून हा धागा काढते आहे. एक कोडं आहे आणि एक विनंती. कोडं आधी सांगते, कारण विनंती त्यातूनच निघाली.

माझ्याकडे सहा पानांची एक पीडीएफ आहे. कुणी कुणाला दिली, त्याने पुढे पाठवली, अशी हातोहात फिरत माझ्यापर्यंत आली. फाईलचं नाव ‘अनोळखी नृत्य – दुर्मिळ’. मुखपृष्ठ नाही. प्रत्येक पानाची वरची कड कापलेली, तीही इतकी जवळून की पहिल्या ओळीतल्या उंच स्वरांच्या जादा रेघा अर्ध्या गेल्या आहेत. संगीतकाराचं नाव, शीर्षक, पान नंबर, सगळं त्या कापलेल्या पट्टीबरोबर गेलं. उरलं ते संगीत, आणि दुसऱ्या पानावर पेन्सिलीने लिहिलेले बोटांचे आकडे. एका उडीवर आधी ४ लिहिलाय, तो खोडून ३, आणि त्याच्याही शेजारी पुन्हा ४. कुणीतरी कधीतरी या एका जागी बराच वेळ अडून बसलं होतं.

तुकडा गोड आहे, नाचाचा ठेका आहे. पण वाजवताना पोकळ वाटतो. सगळं वरच्या सप्तकांत चालतं, चावी दिलेल्या संगीतपेटीसारखं. मी अनेकांना विचारलं, कुणालाच ओळखीचा वाटला नाही. पानांच्या तळाशी मधोमध काही अक्षरं आणि आकडा आहे, पण स्कॅन इतका फिकट की आकडा लागत नाही.

आता विनंती. स्कॅन करताना मुखपृष्ठ, मलपृष्ठ, आतल्या जाहिराती, कोरी पानं, तळाचा आकडा, काही म्हणजे काही कापू नका. नवीन लोकांसाठी सांगते, एकोणिसाव्या शतकातले बहुतेक संगीत प्रकाशक पुस्तकावर साल छापतच नसत. त्या काळी कथलाच्या मिश्रधातूच्या मऊ पत्र्यावर नोटेशन कोरलं जायचं. पाच टोकांच्या हत्याराने पाच रेघा ओढायच्या, मग स्वरांची डोकी, क्लेफ, शार्प-फ्लॅट यांचे छोटे छोटे ठसे हातोडीने ठोकायचे, आणि हे सगळं उलटं, आरशातल्यासारखं. हजारो पत्रे कोठारात रचलेले असत. त्यांची गल्लत होऊ नये म्हणून प्रत्येक पुस्तकाच्या सगळ्या पत्र्यांवर एकच आकडा ठोकलेला असे. तोच पानाच्या तळाशी छापून येतो, तोच प्लेट नंबर. आज त्या आकड्यावरून प्रकाशक आणि साधारण साल काढता येतं. तो कापला की पुस्तकाचा दाखलाच फाडल्यासारखं होतं.

फाईल धाग्याला जोडली आहे. बघा कुणाला काही सुचतंय का.

काळी_चार

ही फाईल माझ्याकडेही आहे! नाव वेगळं, ‘संगीतपेटी – बहुधा रशियन’. वरची कड तशीच कापलेली, पेन्सिलीचा ४-३-४ पण तोच. म्हणजे मूळ स्कॅन एकच.

रशियन का, तर रशियन संगीतकार ल्यादोवच्या ओपस (कृती क्रमांक) ३२ वरून कुणीतरी अंदाज बांधला असावा. त्याची ती ‘म्युझिकल स्नफबॉक्स’ अशीच वरच्या सप्तकांत वाजते. मी स्वतः ल्यादोवच्या सगळ्या छोट्या तुकड्यांशी ताडून पाहिलं. तो नाही.

पेडल

वाचतेय. विषय जिव्हाळ्याचा आहे.

एक प्रामाणिक प्रश्न मात्र आहे, रागावू नका. मला वाजवायचं असतं. टॅब्लेटवर पान उघडलं की स्वर मोठे आणि स्वच्छ दिसले पाहिजेत. पिवळट मुखपृष्ठ, प्रकाशकाच्या इतर पुस्तकांची यादी, कोरी पानं, यांचं मी काय करू? पन्नास एमबीची फाईल आणि त्यातली कामाची पानं आठ. संगीत शाबूत आहे ना, मग बाकीचं जपायचं कशाला?

जुनीवही

पेडल, रागावायचं कशाला, बरेच जण हेच म्हणतात. वाजवायची प्रत वेगळी करा, हवी तेवढी कापा. पण जी पुढे देता ती अख्खी द्या. ‘बाकीचं’ कधी काय सांगून जाईल याचा नेम नसतो, त्याचं एक उदाहरण देते.

१९७० साली पॅरिसच्या एका पुस्तकांच्या दुकानात एका पियानो सोनाटाचं हस्तलिखित सापडलं. ‘ईस्टर सोनाटा’. नाव एफ. मेंडेलसोन. सगळ्यांनी धरून चाललं की एफ म्हणजे प्रसिद्ध जर्मन संगीतकार फेलिक्स. १९७२ मध्ये त्याच्याच नावाने रेकॉर्डिंगही निघालं. फेलिक्सची थोरली बहीण फॅनी हिने आपल्या पत्रव्यवहारात आणि डायरीत ‘माझा ईस्टर सोनाटा’ असा उल्लेख केलेला होता, पण तो सोनाटा हरवला असंच मानलं जाई. २०१० मध्ये अँजेला मेस या संशोधिकेने मूळ हस्तलिखित स्वतः पाहिलं. अक्षर फॅनीचं होतंच, पण खरा धागा जुळला तो पान नंबरांनी. बर्लिनमध्ये जपलेल्या फॅनीच्या एका वहीतली मधली पानं गायब होती, आणि सोनाटाच्या पानांवरचे आकडे बरोबर त्या खिंडारात बसत होते. २०१७ च्या महिला दिनी तो सोनाटा लंडनमध्ये तिच्या स्वतःच्या नावाने वाजला. लिहिला तेव्हा ती बावीस-तेवीस वर्षांची होती, साल १८२८.

पान नंबर. ज्याला आपण ‘कामाचं नाही’ म्हणून कापतो, ते. कुणी हौसेने कडा छाटून ‘स्वच्छ’ प्रत करून ठेवली असती आणि मूळ गहाळ झालं असतं तर?

पेडल

हे माहीत नव्हतं. शब्द मागे घेते.

मंद्रसप्तक

उत्तम धागा. जुनीवही, फाईल उतरवून घेतली आहे, रात्री निवांत बघतो. तोवर एका गोष्टीबद्दल लिहितो, कारण अशा धाग्यांवर लवकरच ‘मला अमुक पाठवा’ अशी रांग लागते.

काय देता येतं आणि काय नाही, हे आधी स्पष्ट असावं. कॉपीराइटची मुदत देशागणिक वेगळी आहे. भारतात संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, युरोपीय संघात ७०. कॅनडात पूर्वी ५० होती, २०२२ च्या अखेरीस ती ७० झाली. अमेरिकेत जुन्या छापील कृतींसाठी प्रकाशनापासून ९५ वर्षं असा वेगळाच हिशेब आहे. त्यामुळे एकच पुस्तक एका देशात खुलं आणि दुसऱ्यात बंद असू शकतं.

याच कारणावरून आपल्या सगळ्यांचं लाडकं पेट्रुची ग्रंथालय, म्हणजे खुल्या नोटेशनांचं ऑनलाइन ग्रंथालय आयएमएसएलपी, एकदा बंद पडलं होतं. संगीत शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने, एडवर्ड ग्वोने, फेब्रुवारी २००६ मध्ये ते सुरू केलं. कॅनडाच्या ५० वर्षांच्या नियमाने जे खुलं होतं ते तिथे चढवलं जाई. ऑक्टोबर २००७ मध्ये व्हिएन्नातल्या एका प्रकाशन संस्थेची नोटीस आली आणि ते उतरवावं लागलं. ते आठ महिने मला आठवतात. रोज पान उघडून बघायचो. ३० जून २००८ ला परत सुरू झालं. ज्याच्या नावावर ते आहे तो ओत्ताव्यानो पेट्रुची, त्याने १५०१ मध्ये व्हेनिसमध्ये सुट्या खिळ्यांनी बहुस्वरी संगीताचं पहिलं पुस्तक छापलं. संगीत सर्वांच्या हाती पडायला हवं या गोष्टीला पाचशे वर्षं झाली म्हणायची.

आपल्या आवडीचे दोन संगीतकार घ्या, म्हणजे नियम नीट लक्षात येईल. रशियन संगीतकार निकोलाय मेट्नर १९५१ मध्ये गेला. भारतात २०१२ पासून आणि युरोपात २०२२ पासून तो खुला आहे. खुशाल द्या. अवांतर: याच मेट्नरच्या उतारवयात त्याच्या संगीताच्या रेकॉर्डिंगसाठी म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वडियार यांनी पैसा उभा केला होता आणि तिसरा पियानो कॉन्चेर्टो मेट्नरने त्यांनाच अर्पण केला आहे. दुसरा सोराबजी. मुंबईच्या पारशी वडिलांचा मुलगा, जन्म आणि सगळं आयुष्य इंग्लंडात. त्याचं पियानोसाठीचं ‘ओपुस क्लाव्हिचेंबालिस्टिकुम’ १९३० चं, छापील २५२ पानं, वाजवायला चार तासांहून अधिक. तो गेला १९८८ मध्ये, म्हणजे भारतात २०४८ संपेपर्यंत हात लावायचा नाही. त्याच्या वारशाचं काम बघणारं अधिकृत संग्रहालय आहे, तिथून रीतसर प्रत विकत मिळते. त्याची हस्तलिखितं ११,००० पानांच्या वर जातात, अक्षर वाचताना डोळे शिणतात, आणि ती एकेक करून संगणकावर नीट मांडणारे बहुतेक लोक हौसेनेच हे काम करत आले आहेत. त्यांची फाईल फुकट फिरवणं म्हणजे त्यांच्याच कष्टांवर पाणी.

आणखी एक. संगीतकार कितीही जुना असला तरी नवी संशोधित आवृत्ती वेगळी मोजतात. जर्मनीत अशा आवृत्तीला २५ वर्षांचं संरक्षण आहे. ‘शोपाँ १८४९ ला गेला, मग काय हरकत’ म्हणून गेल्या वर्षी निघालेलं पुस्तक स्कॅन करू नका.

अर्धविराम

सोराबजीबद्दल अगदी सहमत.

मला मात्र उलट्या बाजूच्या लोकांबद्दल बोलायचं आहे. देऊ शकतात पण देत नाहीत असे. एका ज्येष्ठ संग्राहकाकडे मी वर्षभर एका जुन्या छापील तुकड्यासाठी पत्रव्यवहार केला. संगीतकार जाऊन शंभरावर वर्षं झालेली, कॉपीराइटचा काही प्रश्नच नाही. शेवटी उत्तर आलं: तुमच्याकडे माझ्याकडे नसलेलं काय आहे ते आधी सांगा. मी यादी पाठवली. त्यातलं त्यांना हवं ते त्यांनी घेतलं आणि मला प्रत दिली, पण पुढे कुणालाही द्यायची नाही या बोलीवर. मी शब्द दिला आणि पाळला. पुढे ते गेले. घरच्यांनी संग्रहाचं काय केलं ते कळलं नाही, कुणी फोनच उचलत नाही. त्या तुकड्याची आज दिसणारी एकमेव प्रत माझ्याकडे आहे आणि मी शब्दाला बांधलेला आहे. याचं ओझं वाटतं. काय करावं सांगा.

जुनीवही

अर्धविराम, तुमची घालमेल कळते. माझं मत सरळ आहे. तो शब्द तुम्ही माणसाला दिला होता आणि त्यांच्या हयातीत पाळलात. संगीत त्यांच्या मालकीचं नव्हतंच. एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयाला प्रत द्या आणि प्रत कुणाच्या संग्रहातून आली ते त्यांच्या नावासकट नोंदवा. त्यांनी ती जपली हे खरंच आहे, ते श्रेय त्यांना मिळू दे.

दुर्मिळपणा जपणं आणि संगीत जपणं या वेगळ्या गोष्टी आहेत. एकच प्रत असलेली वस्तू ही एका पावसाळ्याच्या, एका वाळवीच्या अंतरावर असते.

मंद्रसप्तक

+१. आणि लवकर करा.

पान_उलटा

मी पुस्तकं आणि कागद दुरुस्त करण्याचं काम करते, त्यामुळे ‘लवकर करा’ याला माझ्याकडून जोड देते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर कागद चिंध्यांऐवजी लाकडाच्या लगद्याचा होऊ लागला आणि शाई पसरू नये म्हणून त्यात तुरटी आणि राळ घालू लागले. त्यातून आम्ल तयार होतं आणि कागद आतून जळत राहतो. म्हणून १८२० चं पुस्तक पांढरं आणि मऊ असतं, आणि १९०० चं तपकिरी. कोपरा दुमडला की हातात येतो, वाळक्या पाचोळ्यासारखा. आपल्या आवडीचं बहुतेक सगळं पियानो संगीत नेमकं या वाईट कागदाच्या काळातलं आहे. फ्रेंच संगीतकार अल्कानचे ओपस ३९ चे बारा एट्यूड, म्हणजे सरावाचे तुकडे, १८५७ चे. मुळात कमी खपलेली पुस्तकं, त्यात हा कागद.

स्कॅन करायच्या आधी गंजलेल्या पिना काढा, पण ओढून नाही. मागून पातळ पाती घालून पिनेचे पाय सरळ करा आणि पुढून अलगद उचला. चिकटपट्टी कधीही लावू नका. तिचा डिंक कागदात मुरतो, पिवळा होतो, आणि वीस वर्षांनी पट्टी गळून पडते तेव्हा डाग तेवढा राहतो. फाटलं असेल तर जपानी टिश्यू आणि गव्हाच्या स्टार्चची खळ, किंवा काहीच नाही. नुसतं पाकिटात ठेवा. बांधीव पुस्तक सपाट दाबू नका, इंग्रजी व्ही अक्षरासारखं अर्धंच उघडा आणि एकेका बाजूचा फोटो घ्या, दोन्हीकडून सारखा उजेड ठेवून. रेघा पोटात फुगल्यासारख्या दिसल्या तर पान वाकलंय, पुन्हा घ्या.

छापील असेल तर ६०० डीपीआय काळं-पांढरं पुरतं. हस्तलिखित, पेन्सिलीच्या खुणा, डाग असतील तर ३०० ला का होईना पण रंगीत. काळ्या-पांढऱ्यात पेन्सिल नाहीशी होते. मूळ टिफमध्ये ठेवा. जेपीजी वारंवार साठवलं की पाच रेघांभोवती धूळ जमल्यासारखं दिसू लागतं. पान सरळ करायला, जोडपानं वेगळी करायला स्कॅनटेलर हे सॉफ्टवेअर चांगलं आहे आणि फुकट आहे.

आणि जुनीवही, तुमच्या फाईलबद्दल. मी ती वाजवली नाही, मला फारसं वाजवता येत नाही. मी फक्त कागद बघते. सहाच्या सहा पानांवर सावली डाव्या कडेला आहे.

जुनीवही

म्हणजे? कसली सावली?

पान_उलटा

बाइंडिंगची. पुस्तक उघडून स्कॅन केलं की शिवणीकडे पान वळतं आणि तिथे करडी पट्टी येते. उजव्या हाताच्या पानाला ती डावीकडे येते, डाव्या हाताच्या पानाला उजवीकडे. एखादा तुकडा सलग सहा पानं असेल तर सावली एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे अशी यायला हवी. तुमच्या फाईलमध्ये प्रत्येक पानावर डावीकडेच आहे. ही सगळी उजवीकडची पानं आहेत. मधली डावीकडची पानं कुठे आहेत?

कुणी ‘स्वच्छ’ करून त्या सावल्या पुसल्या असत्या तर मला हे दिसलं नसतं.

मंद्रसप्तक

अरे देवा.

प्रीमो आहे हा! चार हातांचं संगीत आहे!

चार हातांच्या पुस्तकात डावीकडे बसणाऱ्याचं, म्हणजे सेकोंदोचं नोटेशन डाव्या पानावर असतं आणि उजवीकडे बसणाऱ्या प्रीमोचं उजव्या पानावर. दोघं एका पियानोवर बसतात, प्रत्येक जण आपल्या समोरचं पान वाचतो. म्हणून सगळं वरच्या सप्तकांत. म्हणून पोकळ. ‘प्रीमो’ हा शब्द प्रत्येक पानाच्या माथ्यावर असणार आणि माथाच कापलेला. ज्याने स्कॅन केलं त्याला वाटलं असेल की डावीकडे दुसराच काही तुकडा आहे, त्याने तेवढी पानं वगळली.

काळी_चार

काटा आला अंगावर. मी गेली तीन वर्षं अर्धा तुकडा वाजवत होतो. कार्यक्रमातही वाजवला एकदा, ‘अज्ञात’ म्हणून.

जुनीवही

मी आत्ता दुसऱ्या पानावरची ती पेन्सिलीची जागा पुन्हा पाहिली. ४-३-४. ती उडी घेताना डाव्या कोपराला जागाच नसणार, शेजारी दुसरा माणूस बसलेला! एकट्याने वाजवताना तिथे काहीच अडचण नाही, म्हणून मला ती खाडाखोड कधी कळली नव्हती.

पान_उलटा, तुमचे आभार कसे मानू?

पान_उलटा

मूळ पुस्तक सापडलं की माझ्यासाठी मुखपृष्ठाचा फोटो टाका. मला जुन्या मुखपृष्ठांची अक्षरं फार आवडतात.

मंद्रसप्तक

तळाचा आकडा. रात्री मोठा करून, काळा-पांढरा समतोल बदलून पाहिला. आकडा अजूनही अर्धवटच आहे, पण त्याच्या दोन बाजूंची अक्षरं आता स्पष्ट दिसतात. आधी रोमन जे, मग आकडा, मग रोमन एच. हे जुलियस हाइनाउअरचं चिन्ह, प्रकाशक, ब्रेसलाउ. आजचं पोलंडमधलं व्रोत्सवाफ. हाइनाउअर आपल्या प्लेट नंबरांना अशीच दोन टोकांना आद्याक्षरं लावत असे.

आता ब्रेसलाउचा प्रकाशक, चार हात, नाचाचा ठेका. पहिलं नाव जे डोळ्यांसमोर येतं ते संगीतकार मोरित्स मोश्कोव्स्की. जन्म ब्रेसलाउ, १८५४. चार हातांच्या स्पॅनिश नृत्यांनी, ओपस १२ ने, तो घरोघरी पोचला होता. लाइपझिगच्या होफमाइस्टरची मासिक यादी, १८२९ पासून निघत आलेली, जर्मन भाषक जगात छापून आलेल्या संगीताची जवळपास रोजनिशीच. एकोणिसाव्या शतकातले तिचे अंक आता ऑनलाइन शोधता येतात. तिथे हाइनाउअर आणि चार हात असं घालून बघतोय. यादी लांब आहे, पण मोश्कोव्स्कीपासून सुरुवात करतो.

काळी_चार

मंद्रसप्तक, मी अर्धी यादी घेऊ का? मुळाक्षरांनी वाटून घेऊ.

मंद्रसप्तक

गरज पडली नाही.

मोश्कोव्स्की, ओपस २३. सहा तुकड्यांचा संच, प्रत्येक एकेका देशाच्या ढंगाचा: रशियन, जर्मन, स्पॅनिश, पोलिश, इटालियन, हंगेरियन. मुळातच चार हातांसाठी लिहिलेला. आपली फाईल त्यातल्या एका तुकड्याचा प्रीमो आहे. स्वर न स्वर जुळतो.

आणि आता जे सांगणार आहे त्याने जुनीवही हसतील की रडतील माहीत नाही. हा संच दुर्मिळ नाहीच. पेट्रुची ग्रंथालयात अख्खं पुस्तक पडून आहे, सेकोंदोसकट. कधीही, कुणीही उतरवून घ्यावं.

जुनीवही

मी वाचून बराच वेळ नुसती बसून होते.

म्हणजे इतकी वर्षं आम्ही सगळे ज्याला दुर्मिळ म्हणून जपत होतो, ते फक्त निनावी होतं. कुणीतरी वरची दोन बोटं पट्टी कापली आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असलेली गोष्ट हरवली. मी विनंती लिहिली तेव्हा ती इतकी खरी ठरेल असं वाटलं नव्हतं.

अर्धविराम

मोश्कोव्स्कीबद्दल एक सांगावंसं वाटतं. त्याचे शेवटचे दिवस पॅरिसमध्ये फार ओढगस्तीत गेले. साठवलेला पैसा महायुद्धात बुडाला, तब्येत ढासळली, आणि त्याचं संगीत जुनाट म्हणून बाजूला पडलं. १९२१ च्या डिसेंबरात त्या काळच्या मोठमोठ्या पियानोवादकांनी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये एकत्र येऊन त्याच्या मदतीसाठी कार्यक्रम केला. १९२५ मध्ये तो गेला. त्याच्या तुकड्यावरचं नाव असं गळून पडावं याचं म्हणूनच जास्त वाईट वाटलं, आणि ते परत मिळालं याचा आनंदही.

आणि हो, मी त्या प्रतीचं स्कॅन सुरू केलं आहे. मुखपृष्ठापासून. ज्येष्ठांचं नाव पहिल्याच नोंदीत लिहिणार आहे.

पेडल

धागा दोनदा वाचला. माझा प्रांत थोडा वेगळा आहे, मी ऐकून नोटेशन लिहिते. पियानोवादक होरोवित्सची ‘कार्मेन’ या ऑपेरावरची व्हेरिएशन्स त्याने स्वतः कधी छापली नाहीत, सगळी लोकांनी रेकॉर्डिंगवरून कानाने उतरवलेली. आणि तो दर वेळी ती बदलायचा. १९२८ चं रेकॉर्डिंग वेगळं, १९६८ चं टीव्हीवरचं वेगळं. पण फिरणाऱ्या कितीतरी फाईलींवर कोणत्या वर्षाचं उतरवलंय ते लिहिलेलंच नसतं. दोन वर्षांची रूपं एकात मिसळलेली आहेत असा मला बऱ्याचदा संशय येतो आणि पडताळायला काही मार्ग नसतो. मी स्वतःही माझ्या फाईलींवर ते लिहीत नव्हते. कालपासून जुन्या सगळ्या काढून पहिल्या पानावर रेकॉर्डिंगचं साल, आणि जे स्वर नीट ऐकू आले नाहीत ते बार नंबरांसह लिहायला घेतलंय. तीन झाल्या.

मंद्रसप्तक

पेडल, हे फार मोलाचं आहे. शंका असलेली जागा कबूल करणं हे तर नव्या छापील आवृत्त्यांकडूनच शिकावं. २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात शोपाँच्या वॉल्ट्झचा जो चिमुकला कागद सापडला, जेमतेम १० बाय १३ सेंटीमीटरचा, त्याच्याबद्दल सांगतानाही त्यांनी लपवलं नाही की वर लिहिलेलं ‘शोपाँ’ हे नाव त्याच्या हातचं नाही. कागद, शाई, बेस क्लेफ काढायची लकब, या सगळ्यावरून तो त्याचाच असं ते म्हणतात. नावावरून नव्हे.

जुनीवही

कालच्या संध्याकाळबद्दल सांगते आणि मग फाईल जोडते.

माझी एक विद्यार्थिनी आहे, तेरा वर्षांची. तिला डावीकडे बसवलं, सेकोंदोची पानं तिच्यासमोर ठेवली. मी उजवीकडे, माझ्या जुन्या ओळखीच्या सहा पानांसमोर. पहिल्याच ओळीत तिने खालचे स्वर धरले आणि मला हात थांबवावे लागले. इतकी वर्षं ज्याला मी संगीतपेटी समजत होते त्याच्याखाली जमीन होती. तिने विचारलं, ताई, चुकलं का माझं? म्हटलं नाही गं, परत पहिल्यापासून घे.

४-३-४ च्या जागी आमची कोपरं एकमेकींवर आदळली. दोघींनाही हसू आवरेना.

जोडलेल्या फाईलमध्ये मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत सगळं आहे. पान_उलटा, मुखपृष्ठ खास तुमच्यासाठी रंगीत. जुनी सहा पानंही शेवटी जोडली आहेत, पेन्सिलीच्या खुणांसाठी, आणि ती कशी, कुठून आली ते जेवढं ठाऊक आहे तेवढं लिहिलं आहे. ज्यांच्याकडे ‘अनोळखी नृत्य’ किंवा ‘संगीतपेटी’ आहे त्यांनी कृपया ती काढून ही ठेवा, आणि ज्यांना पुढे पाठवली होती त्यांनाही कळवा.

काळी_चार

बदलली. चौघांना पाठवली होती, चौघांना कळवलं.

माझ्या ‘अनोळखी’ फोल्डरमध्ये अजून एकोणीस फाईली आहेत. जेवण झाल्यापासून सावल्या बघत बसलोय. पहिलीत त्या डावी, उजवी अशा आलटून-पालटून येतात, म्हणजे सलग आहे, पण तिसऱ्या आणि चौथ्या पानाच्या मधे लागोपाठ दोन डाव्या आल्या आहेत. तिथलं एक पान गेलंय. तळाला नुसता आकडा, अक्षरं नाहीत. पान_उलटा, मंद्रसप्तक, फोटो टाकतोय, बघता का?